एक गाठ, दोन प्रश्न

स्तनांच्या क्ष-किरण तपासणीचा, म्हणजे मॅमोग्राफीचा, अहवाल हातात पडला की बहुतेक जणी आधी शेवटची ओळ वाचतात. ‘संशयास्पद काही आढळले नाही’ असे तिथे लिहिलेले असले की जीव भांड्यात पडतो. पाकीट कपाटात जाते आणि विषय संपतो. पण त्या ओळीच्या वर, मधेच कुठेतरी, आणखी एक वाक्य असू शकते. ते फारसे कोणी वाचत नाही. वाचले तरी त्याचा अर्थ विचारत नाही. ‘स्तन घन आहेत’ अशा आशयाचे ते वाक्य असते. श्रोतेहो, आज मी त्या दुर्लक्षित वाक्याबद्दल बोलणार आहे. कारण ते वाक्य असेल, तर शेवटच्या ओळीचा अर्थ थोडा बदलतो. ‘काही नाही’ याचा अर्थ तेव्हा ‘काही दिसले नाही’ एवढाच उरतो. ‘नाही’ आणि ‘दिसले नाही’ यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते कमी करण्यासाठी जगभर अनेक प्रयत्न झाले. त्यांपैकी एक प्रयत्न म्हणजे क्ष-किरण आणि अणुवैद्यक या दोन शास्त्रांना एकाच स्टँडवर आणण्याचा.

मी अणुवैद्यकाची डॉक्टर आहे. विषयाचे नाव ऐकूनच पुष्कळ जण दचकतात, कारण अणू म्हटला की आपल्याला बॉम्ब आठवतो. प्रत्यक्षात आमचे तपासणीचे काम बरेच सौम्य असते. अगदी थोडे किरणोत्सारी औषध शिरेतून द्यायचे आणि ते शरीरात कुठे जाऊन बसते ते पाहायचे, इतकेच. रेडिओवर मला चित्रे दाखवता येणार नाहीत. एका परीने ते बरेच आहे. चित्र समोर असले की सगळे कळले असे वाटते. चित्र नसले की ते तयार कसे झाले, हे विचारावे लागते.

आधी क्ष-किरणांकडे वळू. राँटजेन यांनी १८९५ साली हे किरण शोधले. त्यानंतर १८ वर्षांनी, १९१३ साली, बर्लिनचे शल्यचिकित्सक आल्बर्ट सालोमन यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या सुमारे ३ हजार स्तनांचा क्ष-किरणांनी केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. स्तनाचे चांगले चित्र काढायला मात्र वेगळे यंत्र, वेगळी ऊर्जा आणि वेगळी हातोटी लागते. ती साधायला १९६० चे दशक उजाडले. अमेरिकेत ह्यूस्टनचे रॉबर्ट ईगन आणि फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गचे शार्ल ग्रो यांचे त्यातले काम मोठे. १९६३ साली न्यूयॉर्कमध्ये सुमारे ६२ हजार स्त्रियांवरील एक मोठी चाचणी सुरू झाली. हाताने तपासणी आणि मॅमोग्राफी मिळून स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी करता येतात, हे तिच्यातून पुढे आले. तेव्हापासून मॅमोग्राफीला मानाचे स्थान मिळाले आणि ते आजही टिकून आहे.

मॅमोग्राफीत होते काय? स्तन दोन सपाट पट्ट्यांमध्ये दाबून धरतात आणि कमी ऊर्जेचे, मृदू क्ष-किरण त्यातून पाठवतात. मेदातून हे किरण सहज आरपार जातात, म्हणून तो भाग चित्रात काळसर दिसतो. दुधाच्या ग्रंथी आणि त्यांना आधार देणारे तंतू किरणांना अडवतात, म्हणून तो भाग पांढरा. आता अडचण अशी, की कर्करोगाची गाठही किरणांना अडवते. तीही पांढरीच.

गृहिणींना हे पटकन कळेल. काळ्या उडदांत पांढरा खडा पडला, तर तो लांबूनही दिसतो. तोच खडा तांदळात पडला, तर ताट उजेडात घेऊन बसावे लागते. मेद जास्त असलेला स्तन म्हणजे उडदांचे ताट. ग्रंथी आणि तंतू जास्त असलेला, म्हणजेच घन स्तन, हे तांदळाचे ताट. खडा तोच, डोळेही तेच. पण एकीकडे सापडतो आणि दुसरीकडे निसटतो. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीने हे आकड्यांत मांडले. जवळजवळ पूर्ण मेदाच्या स्तनांत मॅमोग्राफीने शंभरांपैकी ८७ कर्करोग पकडले. अत्यंत घन स्तनांत हेच प्रमाण ६३ वर आले. म्हणजे तिथे तीनातला एक हातचा सुटला.

घन स्तन हा काही आजार नव्हे. उंची किंवा केसांचा पोत यांसारखी ती शरीराची ठेवण आहे. तरुणपणी ग्रंथी जास्त असतात, वयाबरोबर त्यांची जागा मेद घेतो. अमेरिकेत चाळिशी ओलांडलेल्या स्त्रियांपैकीही जवळजवळ निम्म्या जणींचे स्तन घन गटात मोडतात. स्तन हाताला कठीण लागतो की मऊ, यावरून घनता ठरत नाही. ती चित्रातच कळते. घनता जास्त असेल तर कर्करोगाचा धोकाही काहीसा वाढतो. म्हणजे जिथे शोधण्याची गरज अधिक, तिथेच शोधणे अवघड, असा हा दुहेरी पेच आहे. म्हणूनच सप्टेंबर २०२४ पासून अमेरिकेत मॅमोग्राफी झालेल्या प्रत्येक स्त्रीला तिच्या स्तनांची घनता कळवणे तिथल्या केंद्रांना बंधनकारक झाले.

क्ष-किरणांची बाजूही सांगायला हवी. कॅल्शियमचे अतिसूक्ष्म कण, मिठाच्या कणाहूनही बारीक, क्ष-किरणांत ठसठशीत दिसतात. दुधाच्या नलिकेतच थांबलेल्या, बाहेर न पसरलेल्या कर्करोगाची ती कित्येकदा पहिली खूण असते. ही खूण दुसऱ्या कुठल्याही तपासणीत इतकी स्वच्छ दिसत नाही. तेव्हा ‘मॅमोग्राफी कुचकामी’ असा अर्थ कृपा करून कोणी काढू नये. ती एका प्रश्नाचे उत्तम उत्तर देते: आत काय आहे, कुठे आहे आणि त्याचा आकार कसा आहे? पण ते जे काही आहे ते करते काय, स्वस्थ बसले आहे की भराभर वाढते आहे, हा दुसरा प्रश्न तिच्या कक्षेबाहेरचा.

हा दुसरा प्रश्न अणुवैद्यक विचारते. क्ष-किरण बाहेरून आत जातात आणि पलीकडे सावली पडते. आमच्या पद्धतीत उलटे असते. प्रकाश, म्हणजे अर्थात डोळ्यांना न दिसणारे गॅमा किरण, शरीराच्या आतून बाहेर येतात. पावसाळ्याच्या तोंडावर काळोख्या रात्री काजव्यांनी लगडलेले झाड ज्यांनी पाहिले असेल, त्यांना कल्पना येईल. झाडाची फांदी दिसत नाही, पानेही दिसत नाहीत. पण काजवे कुठे जमले आहेत ते नेमके कळते.

आमचा काजवा म्हणजे टेक्नेशियम-९९ एम. त्याचे अर्धायुष्य सहा तासांचे. म्हणजे सकाळी दहाला जेवढा असेल, त्याच्या निम्मा दुपारी चारला उरतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सोळावा हिस्सा. इतके अल्पजीवी द्रव्य दुरून आणून साठवता येत नाही, म्हणून एक युक्ती करतात. मॉलिब्डेनम नावाचे, काही दिवस टिकणारे द्रव्य शिशाच्या डब्यात बंद करून रुग्णालयात पाठवतात. त्याच्यापासून टेक्नेशियम तयार होत राहते आणि आम्ही ते रोज सकाळी मिठाच्या पाण्याने काढून घेतो. या डब्याला आमच्या बोलीत ‘गाय’ म्हणतात आणि काढून घेण्याला ‘दोहणे’. अशा गायी आपल्याकडे नवी मुंबईतील ‘ब्रिट’ ही अणुऊर्जा विभागाची संस्था पुरवते.

नुसते टेक्नेशियम स्तनातल्या गाठीत जाणार नाही. त्याला वाट दाखवणारा सोबती लागतो. सेस्टामिबी हे त्या सोबत्यासह तयार होणाऱ्या औषधाचे नाव. अमेरिकेत बॉस्टन परिसरातील ॲलन डेव्हिसन आणि ॲलन जोन्स या रसायनशास्त्रज्ञांच्या संशोधनातून ते आले, आणि आले ते हृदयासाठी. हृदयाच्या स्नायूला रक्तपुरवठा नीट होतो की नाही, हे त्यावरून कळते. हे रेणू धनभारित असतात आणि पेशींतल्या तंतुकणिकांकडे ओढले जातात. तंतुकणिका म्हणजे पेशीची चूल. जिथे चुली जास्त आणि धगधगत्या, तिथे औषध जास्त. कर्करोगाच्या गाठीत रक्तपुरवठाही जास्त असतो आणि या चुलीही जोरात पेटलेल्या असतात. साहजिकच हृदयासाठी दिलेले औषध स्तनातल्या गाठीतही जमते, हे डॉक्टरांच्या ध्यानात आले. कॅलिफोर्नियात इराज खलखाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्याचा पद्धतशीर अभ्यास केला आणि १९९७ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने स्तनाच्या चित्रणासाठी या औषधाला मान्यता दिली. यातली खरी गंमत अशी, की औषधाला स्तन घन आहे की मेदाचा याच्याशी कर्तव्य नसते. तांदळात असो वा उडदात, खडा स्वतःच चमकतो.

मग ही तपासणी लगेच सगळीकडे का पसरली नाही? कारण कॅमेरा. १९५० च्या दशकात हॅल अँगर यांनी बनवलेल्या गॅमा कॅमेऱ्याचे वंशज म्हणजे रुग्णालयांतले मोठे कॅमेरे. ते हाडे किंवा हृदय पाहण्यासाठी चांगले. पण त्यांचे अवजड डोके स्तनाच्या अगदी जवळ नेता येत नाही. गॅमा किरणांना भिंगाने वळवता येत नाही. म्हणून कॅमेऱ्याच्या तोंडाशी मधाच्या पोळ्यासारखी शिशाची जाळी बसवतात. सरळ येणारे किरण तिच्यातून आत जातात, तिरपे अडतात. या जाळीपासून वस्तू जितकी दूर, तितके चित्र फिसकटलेले. शिवाय शेजारीच हृदय आणि यकृत हेच औषध भरपूर घेऊन झगमगत असतात. परिणामी एक सेंटिमीटरपेक्षा लहान गाठी निसटत. आणि लवकर निदान म्हणजे तर लहान गाठच पकडायची!

यावर उपाय आला तो अनपेक्षित ठिकाणाहून. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात न्यूपोर्ट न्यूज या गावी जेफर्सन लॅब नावाची भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा आहे. अणूचे केंद्रक आतून कसे असते, हे पाहण्यासाठी तिथे इलेक्ट्रॉनचा मोठा त्वरक चालतो. त्या प्रयोगांसाठी किरण टिपणारी उपकरणे बनवणाऱ्या स्टॅन मायेवस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाला अगदी लागून बसेल असा लहान गॅमा कॅमेरा तयार केला. पुढे मिनेसोटातील मेयो क्लिनिकमध्ये मायकेल ओकॉनर यांच्या गटाने कॅडमियम-झिंक-टेल्युराइड या अर्धवाहकाचे दोन कॅमेरे वापरले. स्तन या दोन कॅमेऱ्यांच्या मध्ये, मॅमोग्राफीपेक्षा पुष्कळच हलक्या दाबाने धरतात. बाई खुर्चीवर बसलेली असते. हाताच्या शिरेत सुई, काही मिनिटे थांबणे आणि मग एकेका चित्राला साधारण दहा मिनिटे. दुखत नाही, कंटाळा मात्र येतो.

आता मुख्य मुद्द्यावर येते. एक तपासणी आकार सांगते, दुसरी हालचाल सांगते. मग दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की झाले, असे वाटेल. तसे होत नाही. मळलेल्या कणकेत एक तीळ आहे असे समजा. गोळा तळहातावर चपटा केला तर तीळ एका जागी दिसेल; पोळपाटावर आडवा दाबला तर भलतीकडे. स्तनाला हाड नाही. मॅमोग्राफीत तो उभ्याने दाबला जातो, सोनोग्राफीत बाई उताणी झोपलेली असते, एमआरआयमध्ये पालथी. प्रत्येक वेळी आतली गाठ काही सेंटिमीटर सरकते. अशा वेळी ‘क्ष-किरणातला हा पांढरा डाग’ आणि ‘गॅमा चित्रातला हा ठिपका’ एकच आहेत की दोन, हे कोणी आणि कसे ठरवायचे?

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक शिक्षिका आल्या होत्या. वय ४६. काखेच्या बाजूला हाताला काहीतरी लागत होते. मॅमोग्राफीत घन स्तन, बाकी विशेष काही नाही. सोनोग्राफीत दोन गाठी, दोन्ही संदिग्ध. त्या मला म्हणाल्या, ‘‘डॉक्टरबाई, हात म्हणतो आहे, क्ष-किरण म्हणतात नाही, सोनोग्राफी म्हणते दोन आहेत. यातले खरे कोण बोलतेय?’’ मी म्हटले, ‘‘तिघेही खरे बोलतायत. आपण प्रत्येकाला वेगळा प्रश्न विचारला, म्हणून उत्तरे वेगळी आली.’’ आमच्याकडे तेव्हा मोठाच कॅमेरा होता. त्यांना पालथे झोपवून चित्र घेतले. एका ठिकाणी औषध स्पष्ट जमले होते. पण सोनोग्राफीतल्या दोन गाठींपैकी ती कोणती? उताण्या आणि पालथ्या अवस्थेतल्या चित्रांची सांगड घालायला आम्हाला बराच वेळ लागला आणि अखेर दोन्ही गाठींत सुई घालावी लागली. एक साधी निघाली, एक कर्करोगाची. लहान होती, वेळेवर उपचार झाले. मात्र सुई कुठे जावी एवढ्यासाठी त्यांना ज्या ताणातून जावे लागले, तो कमी करता आला असता.

तो कमी करण्याची युक्ती कागदावर सोपी आहे: स्तन एकदाच धरायचा आणि तो न हलवता दोन्ही चित्रे घ्यायची. व्हर्जिनिया विद्यापीठात मार्क विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जेफर्सन लॅबच्या मदतीने नेमके असे यंत्र बनवले. क्ष-किरणांची नळी आणि गॅमा कॅमेरा एकाच फिरत्या बाहूवर बसवलेले. त्यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. सपाट चित्राऐवजी दोन्ही प्रकारांत निरनिराळ्या कोनांतून चित्रे घेऊन, त्यांतून संगणकाने थरांची चित्रे बनवली. या पद्धतीला टोमोसिंथेसिस म्हणतात. दाट झाडीतले घरटे एका जागी उभे राहून दिसत नाही. चार पावले इकडे, चार तिकडे सरकले की फांद्या बाजूला होतात आणि घरटे दिसते. तत्त्व तेच. क्ष-किरणांची टोमोसिंथेसिस यंत्रे अमेरिकेत २०११ मध्ये मान्य झाली आणि आता आपल्याकडच्याही मोठ्या रुग्णालयांत आहेत. विल्यम्स यांच्या यंत्रात क्ष-किरणांचे थर आणि गॅमा किरणांचे थर एकमेकांवर तंतोतंत बसतात. पांढऱ्या डागावर बोट ठेवून विचारता येते, ‘हा जळतो आहे का?’ आणि चमकणाऱ्या ठिपक्यावर बोट ठेवून विचारता येते, ‘इथे आहे तरी काय?’

ही कल्पना वैद्यकाला नवी नव्हती. पेट आणि सीटी ही दोन यंत्रे एकत्र करणारे पहिले प्रायोगिक यंत्र पिट्सबर्गमध्ये १९९८ साली चालू झाले आणि पाहता पाहता कर्करोगाच्या रुग्णालयांत ते सर्वत्र पोहोचले. स्तनासारख्या मऊ अवयवासाठी तेच साधणे अधिक नाजूक काम होते, इतकेच.

निष्कर्ष काय आले? विल्यम्स यांच्या गटाने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १७ स्त्रियांच्या २१ संशयास्पद जागा तपासल्या. सुईने तुकडा काढून पाहिल्यावर त्यांतल्या ७ कर्करोगाच्या आणि १४ साध्या निघाल्या. जोडयंत्राने ७ पैकी ६ बरोबर ओळखल्या आणि १४ साध्या गाठींपैकी एकीलाही कर्करोग ठरवले नाही. हे चांगलेच आहे. पण १७ ही संख्या लहान आहे आणि एक कर्करोग निसटलाही, हे विसरून चालणार नाही. असे एकत्र यंत्र आज गावोगाव मिळत नाही. ते संशोधनाच्या दालनातून नित्याच्या वापरात आलेले नाही.

दोन तपासण्या वेगवेगळ्या करून निष्कर्ष एकत्र वाचण्याचा अनुभव मात्र मोठा आहे. मेयो क्लिनिकमधील डेबोरा ऱ्होड्स आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली घन स्तनांच्या १,५८५ स्त्रियांचे निष्कर्ष मांडले. त्यांच्यात एकूण २१ कर्करोग होते. मॅमोग्राफीत ५ दिसले. मॅमोग्राफी आणि गॅमा चित्र मिळून १९. म्हणजे हजारी सुमारे ३ वरून १२. आता नाण्याची दुसरी बाजू पाहा. आधी शंभरात ११ स्त्रियांना ‘पुन्हा तपासायला या’ असे सांगावे लागत होते. ते प्रमाण १७-१८ वर गेले. त्यांतल्या बहुतेकींना कर्करोग नव्हता. त्यांच्या काही रात्री झोपेविना गेल्या असतील, काहींना सुई सोसावी लागली असेल. आणि अधिक कर्करोग सापडले म्हणजे तितके अधिक जीव वाचले, असे गणित आपोआप मांडता येत नाही. ते सिद्ध व्हायला मृत्यूंची वर्षानुवर्षे मोजदाद करावी लागते.

आता सगळ्यांच्या मनातला प्रश्न: किरणांचे काय? लपवाछपवी न करता सांगते. मॅमोग्राफीत शरीराला सरासरी ०.४ मिलिसिव्हर्टच्या आसपास मात्रा बसते आणि ती स्तनापुरती असते. गॅमा तपासणीत औषध रक्तातून सर्वत्र जाते, आतड्यांतून आणि मूत्रातून बाहेर पडते, म्हणून मात्रा साऱ्या शरीराला मिळते. सुरुवातीला यासाठी २० ते ३० मिलिक्युरी औषध देत. चांगल्या कॅमेऱ्यांमुळे ते ८ मिलिक्युरीवर आणता आले. त्यातून सुमारे २ ते अडीच मिलिसिव्हर्ट बसतात. जमीन, अन्न, हवा आणि आकाश यांच्याकडून जगातल्या सरासरी माणसाला वर्षभरात जेवढे मिळतात, साधारण तेवढेच. शंकेचे निरसन करायचे असेल तर हा सौदा वाजवी आहे. पण काही तक्रार नसलेल्या प्रत्येक स्त्रीने दर वर्षी करून घ्यावी, अशी ही तपासणी नव्हे. गरोदरपणी तर नाहीच; अंगावर दूध पाजत असाल तर तसे आधी सांगायला हवे. पाळी चालू असलेल्या स्त्रियांनी पाळी सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या दोन आठवड्यांत ती केली तर चित्र स्वच्छ येते, कारण नंतर संप्रेरकांमुळे निरोगी ग्रंथीही औषध घेऊ लागतात. काही साध्या गाठी आणि सूज यांतही औषध जमते. म्हणून कोणतेही चित्र कितीही झळाळले, तरी शेवटचा शब्द सुईने काढलेल्या तुकड्याचा आणि सूक्ष्मदर्शकाचा.

मग आपल्या मुलखात याचा उपयोग कुणाला? सरसकट सगळ्यांना नाही. घन स्तनांत पुढची पायरी म्हणून आपल्याकडे सोनोग्राफी आहे. ती स्वस्त आहे, किरणांविना होते. कुटुंबात आई-बहिणींना कर्करोग असेल किंवा जनुकीय दोष असेल, तर एमआरआय अधिक बारीक पाहतो. शंका फिटत नसेल आणि काही कारणाने एमआरआय करता येत नसेल, उदाहरणार्थ शरीरात त्याला न चालणारा पेसमेकर असेल किंवा बंदिस्त नळीची भीती असेल, तर गॅमा तपासणीचा विचार जरूर करावा. ती सुचवायची की नाही, हे तुमच्या डॉक्टरांनी तुमच्याशी बोलून ठरवायचे.

यंत्रांची इतकी स्तुती केल्यावर एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने गेल्या, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. आपल्याकडे हा रोग पाश्चात्त्यांपेक्षा साधारण एक दशक आधीच्या वयात दिसतो आणि पुष्कळ जणी उशिरा येतात. लाजेने येत नाहीत, पैशासाठी येत नाहीत, घरचे आटोपल्यावर बघू म्हणून येत नाहीत. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून १ लाख ५१ हजारांवर स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. वस्त्यांमध्ये जाऊन, प्रशिक्षित स्त्री आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी फक्त हाताने स्तन तपासले. २०२१ साली निष्कर्ष आले. सर्व वयांचा एकत्र विचार करता मृत्यूंतली घट खात्रीने सांगण्याइतकी नव्हती. पण पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. यंत्र नाही, वीज नाही. शिकवलेला हात आणि वेळेवर केलेली तपासणी.

तेव्हा क्रम लक्षात ठेवा. आधी हात, मग क्ष-किरण आणि सोनोग्राफी, आणि तरीही प्रश्न उरला तर पुढची यंत्रे. पन्नाशीच्या आतल्या बायकांनीही हाताला नवी गाठ लागली, त्वचा आत ओढली गेली, स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव आला, तर जुना अहवाल कितीही स्वच्छ असो, डॉक्टरांकडे जावे. गाठ दुखत नाही म्हणून ती साधी, असे मानू नये. कर्करोगाची गाठ बहुधा दुखतच नाही.

आणि पुढच्या वेळी अहवाल हातात आला, की शेवटच्या ओळीवर थांबू नका. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. माझे स्तन घन आहेत का? असतील, तर या तपासणीत काही झाकले गेले असण्याची शक्यता किती? आणि माझ्या वयाला, माझ्या घरच्या इतिहासाला धरून आणखी एखादी तपासणी करावी का? हे विचारायला दोन मिनिटे लागतात. डॉक्टरांना त्याचा राग येत नाही. आला तरी तुम्ही विचाराच.